नऊ बेचाळीसचा पाया

"संक्रांतीपर्यंत गाडीचं काय ते ठरवा," जैनबने चहाचा कप रमजानपुढे आदळला, "नाहीतर त्या थापीनं निखारे ओढायचं बंद करा आणि विटा लावायला लागा. उजैरभाई जागा ठेवून आहेत. नंतर मला बोलायचं नाही."

रमजानने चहा ओढला. फैजपूरच्या बसस्थानकाजवळ तो थंडीचे चार महिने पायाची गाडी लावायचा. पाया म्हणजे बोकडाचे पाय, रात्रभर मंद आचेवर शिजवलेले, काळ्या मसाल्याच्या दाट रश्श्यात. हाताला चव अशी की खाणारा शेवटचं बोट चाटल्याशिवाय उठायचा नाही. पण खाणारे मोजके, तेच ते. रमजानचा बाप नावाजलेला गवंडी होता आणि धाकटा भाऊ उजैर बांधकामाची टोळी चालवायचा. रमजानने मात्र बाविसाव्या वर्षी ओळंबा खाली ठेवला आणि पाया शिजवायची देग उचलली. "गवंड्याचा पोरगा आणि खुरं उकळतो!" असं म्हणत बाप गेला. मागे त्याची थापी राहिली. रमजान तिने चुलीतले निखारे पुढं-मागं करायचा. तीस वर्षं झाली, ती काही झिजली नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"रमजानभाई का? पायावाले?"

"पायावालाच. बोला."

"मी प्रेमराज बोलतो, मुक्ताईनगरच्या अलीकडून. आमचे दाजी आहेत ना, पंडितराव, रावेरला केळीच्या गाड्या भरतात, त्यांनी तुमचा नंबर दिला. म्हणाले, पाया करावा तर रमजाननंच."

रमजान ताठ बसला. पंडितराव म्हणजे त्याचं जुनं गिऱ्हाईक. दर बुधवारी तोंडाला रुमाल बांधून यायचे, रुमाल बांधून जायचे, मधल्या वेळात चार वाट्या. "कधी करायचा?" त्याने विचारलं.

"गुरुवारी. सकाळी नऊ बेचाळीसला."

"बेचाळीसला?"

"मुहूर्त आहे."

रमजानचा ऊर भरून आला. आजवर लोक दारू पिऊन खाताना पाहिले होते, उभ्याउभ्या खाताना पाहिले होते. मुहूर्त काढून पाया खाणारा माणूस पहिल्यांदाच भेटत होता.

"माणसं किती?"

"घरात तशी सहाच. पण त्या दिवशी शंभरेक येतील. रमजानभाई, काम मजबूत पाहिजे हं. पातळ चालणार नाही."

"माझा पाया पातळ? असा चिकटतो की सुटता सुटत नाही!"

"वा! तेच पाहिजे. अन् पाणी किती दिवस मारायचं?"

"पाणी?" रमजान कडाडला. "एकदा पाया जमला की वरून थेंबभर पाणी मारायचं नाही. पाणी मारलं की पाया गेला!"

"असं? आमच्याकडे तर आठ-आठ दिवस मारतात."

"ज्यांना कामातलं कळत नाही ते मारतात. बरं, जागेवर चर लागेल. लांब आणि खोल."

"चर कालच खणून ठेवलेत. लाकडंबी पडलेली आहेत."

"मग झालं तर! बाकी सामान माझं. तुम्ही फक्त माणसं बोलवा."

फोन ठेवून रमजानने जैनबकडे असं पाहिलं, की बिचारी आदळलेला कप उचलून दुसरा चहा ठेवायला गेली. "शंभर माणसं," तो म्हणाला. "गावजेवण. हे जर पार पडलं ना, तर मुक्ताईनगरपासून सावद्यापर्यंत माझंच नाव. आणि नाही पडलं..."

"नाही पडलं तर थापी," जैनब आतून म्हणाली. विषय तिथेच संपला.

आता सकाळी पावणेदहाला पाया कोण खातो, ही शंका जैनबला होतीच. ती रूहीने मिटवली. रूही त्यांची मुलगी, कॉलेजला जाणारी. बापासाठी ती फोनवर देशोदेशीचे पाये शोधत असायची. "अम्मी, इराणमध्ये लोक पहाटे रांग लावून पाया खातात, रोटी बुडवून. तुर्कीत वरून लसूण आणि सिरका घालतात. आणि रशियात तर गार करून, गोठवून, वडीसारखा कापून खातात!"

"गार पाया?" रमजान दचकला. "मग ओठ चिकटले की कायमचेच की!"

पुढचा व्हिडिओ कोरियाचा होता. पण तिथलं जनावर भलतंच निघाल्यामुळे जैनबने "तौबा, तौबा" करत फोनच पालथा घातला. एवढं मात्र पटलं, की जगात जिथे जिथे खूर असलेलं जनावर आहे तिथे तिथे त्याच्या पायाला मान आहे, आणि शहाणी माणसं तो सकाळीच खातात.

शंभर माणसांना दोनशे पाय, म्हणजे पन्नास बोकड. फैजपूर, सावदा, भुसावळ असे तीन बाजार पालथे घालून रमजानने पाय जमवले. जाळावर भाजले, खरवडले, कणीक लावून धुतले. खोबरं-कांदा काळा होईस्तोवर भाजला. बुधवारी दुपारी देग चढली ती गुरुवारी पहाटेच उतरली. रश्श्यात बोट बुडवून उचललं तर तार निघत होती. रूहीने चव घेतली आणि काही बोलायला गेली, तर ओठ "चप्" करून सुटले. रमजान हसला. हीच त्याची परीक्षा होती.

टेम्पोवाल्याने देग, बापलेक आणि थापी गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर उतरवली आणि तो निघून गेला. चिटपाखरू नव्हतं. रस्त्यापलीकडे अभिमन नावाच्या शेतकऱ्याची केळीची बाग, आणि अलीकडे चौफेर खणलेले चर, चुन्याच्या रेघा मारलेले.

"काय दिलदार माणूस आहे!" रमजान म्हणाला. "घर बांधायला घेतोय, आणि आधी गावाला पाया खाऊ घालतोय."

चराच्या कोपऱ्याशी येताच मात्र तो थबकला. त्याने एक डोळा मिटला. "रूही, हा कोपरा बोटभर चुकलाय."

"मग तुम्हाला काय करायचंय?"

"मला काय करायचंय," म्हणत त्याने त्याच कोपऱ्यात लाकडं रचली, जाळ केला, देग ठेवली आणि थापीने निखारे सारखे केले. कोपरा होता ईशान्येचा. रूहीचं लक्ष तोवर बाजूला गेलं होतं. तिथे पाटावर नारळ, हळदीकुंकू आणि फुलं वाहिलेले पाच दगड मांडून ठेवले होते.

"अब्बा, ते फोनवर नक्की काय म्हणाले होते?"

"पाया म्हणाले."

"कुठला पाया?"

"कुठला म्हणजे? पुढचे आणि मागचे, दोन्ही!"

तेवढ्यात हातात पूजेचं ताट घेऊन भिकुबाई आल्या. भिकुबाई म्हणजे प्रेमराजची आई. पंच्याहत्तरीच्या, गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला मुक्ताईनगरला मुक्ताबाईच्या दर्शनाला पायी जाणाऱ्या. माहेर शिरपूरकडचं. लग्नाला पंचावन्न वर्षं झाली तरी त्यांच्या बोलण्यातला अहिराणी 'शे', म्हणजे 'आहे', सुटला नव्हता. नव्या घराला त्यांनी तीनदा मोडता घातला होता. चौथ्यांदा सून पुनमने अबोला धरला, तेव्हा कुठे हो म्हणाल्या होत्या.

ईशान्येच्या कोपऱ्यातून धूर येताना पाहून भिकुबाईंनी लांबूनच हात जोडले. "होम सुरू बी व्हई गया का? वा रे भाऊ, वास काय गोड शे! काय टाकं शे त्यामा?"

"लवंग, वेलची, जायपत्री, माय," रमजान नम्रपणे म्हणाला.

भिकुबाईंनी वाकून कडेची चिमूटभर राख कपाळाला लावली. "आनि?"

"आणि बोकडाचे दोनशे पाय."

भिकुबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कपाळाची राख पदराने पुसली, पुन्हा पुसली, आणि विटांच्या ढिगावर खाली बसल्या. प्रेमराज, पुनम आणि गुरुजी पोचले तेव्हा त्या नुसत्या देगेकडे बोट दाखवत होत्या.

"हे काय?" प्रेमराज म्हणाला. "गवंडी कुठे आहे?"

"कोण गवंडी?" रमजान म्हणाला.

"तुम्ही!"

"मी पायावाला."

"मग पाया भरायला बोलावलं ना तुम्हाला!"

"भरायला?" रमजानच्या हातातून झाकण सुटलं. "अरे देवा! मी तर खायला घेऊन आलोय!"

कोडं सुटलं नसतं, पण तेवढ्यात मोटारसायकलवरून पंडितराव उगवले. पंडितराव म्हणजे भिकुबाईंचे जावई. लग्नात त्यांनी सासूसमोर मांसाहार सोडल्याची तुळशीची माळ घातली होती आणि रावेरच्या पुढे गेलं की ती सदऱ्याच्या आत सारत असत. वाऱ्यावर वास येताच त्यांनी गाडीवरूनच आरोळी ठोकली, "काय रे प्रेमराज! शेवटी तुटली का तुझी माळ! मले त्याच दिवशी शंका आली, हा पायावाला काहून विचारी राह्यला म्हणून!"

मग त्यांना सासूबाई दिसल्या. गाडी तिथेच बंद पडली.

"मी... मी जरा केळीची गाडी भरून येतो," पंडितराव म्हणाले.

"आठेच बठ," भिकुबाई म्हणाल्या, आणि पंडितराव बसले.

नऊ वीस झाले होते. गुरुजींनी घड्याळ पुढे केलं. "नऊ बेचाळीस ते नऊ अठ्ठावन्न. या महिन्यातला हा शेवटचा मुहूर्त, पुढे पौष लागतो. पौषात पाया भरत नाहीत. मग माघात बघू."

"काही बघानं नही," भिकुबाई उठल्या. "देवनीच नही म्हनं. ईशान्येले बोकड शिजी गया, आते कसानं घर नि कसाना पाया!"

अकरा वर्षं पुनम दोन खोल्यांत सहा माणसांचा संसार करत होती. तिने पंगतीसाठी आणलेल्या बट्ट्यांच्या टोपलीवरचं फडकं उगीचच सारखं केलं, आणि ते करता करता तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. रमजानने ते पाहिलं. त्याला फार वाईट वाटलं. देग फुकट जाणार, नाव बुडणार, विटा लावायची थापी हातात येणार, हे सगळं होतंच. पण कुणाच्या घराचा मुहूर्त आपल्या देगेपायी मोडावा, हे त्याला सहन होईना.

त्याने उजैरला फोन लावला. "भाई, मी धुळ्याला," उजैर म्हणाला. "स्लॅब चालू आहे. उडत आलो तरी दुपार होईल." गावातले दोन्ही गवंडी रावेरला गेले होते. नऊ अठ्ठावीस.

"अब्बांना येतं," रूही म्हणाली.

रमजानने तिच्याकडे असं पाहिलं, की दुसरी कुणी असती तर गप्प झाली असती. रूही जैनबची मुलगी होती. "दादामियांच्या हाताखाली सात वर्षं काम केलंय त्यांनी. आल्या आल्या म्हणाले, हा कोपरा चुकलाय."

"कोपरा चुकना शे?" भिकुबाईंनी रमजानकडे वळून विचारलं.

"बोटभर, माय. भिंत छतापर्यंत गेली की हातभर होईल. आत्ता सुधारलं तर सुधारलं."

भिकुबाईंनी कोपऱ्याकडे पाहिलं, मग पुनमकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "साबन आना," त्या म्हणाल्या. "तीनदा हात धोव. नही, चारदा. आनि ते भांडं पहिले उचला आठून!"

देग उचलायला चार माणसं लागतात. इथे अठरा धावली. तोवर निमंत्रित जमायला लागले होते, आणि प्रत्येकाला एकाएकी समाजसेवेची ओढ लागली होती. "अभिमनभाऊंच्या बागेत ठेवू, सावलीत," कुणी म्हणालं. "मी राखण करतो," दुसरा म्हणाला. "एकट्याले कसं जमणार? मी बी थांबतो," तिसरा म्हणाला. देग रस्ता ओलांडून केळीच्या बागेत दिसेनाशी झाली, आणि तिच्यामागे अठराही दिसेनासे झाले.

रमजानने निखाऱ्यांतून थापी उचलली, चर साफ केला आणि पाणी शिंपडलं. "ती थापी चुलमा होती ना?" भिकुबाईंनी हटकलं.

"अग्नीतून निघालेलं लोखंड आहे, अक्का," गुरुजी घाईने म्हणाले. त्यांना दुसरीकडे साडेअकराला सत्यनारायण होता. "याहून शुद्ध काय असतं?"

प्रेमराजने गावातल्या गवंड्याच्या घरून हत्यारं आणि सिमेंट आणलं. रमजानने दोरी ताणली, कोन तपासायचा गुण्या लावला, कोपरा बोटभर आत घेतला. सुरुवातीला हात जरा अडखळले. मग माल पसरताना थापीचा तो ओळखीचा 'खर्र' आवाज झाला आणि हातांना सगळं आपोआप आठवलं. त्याला बापाची भयंकर आठवण आली. तीस वर्षं त्याला वाटत होतं, की बापाच्या रागावर आपण मात केली. आणि आता मात्र वाटत होतं, म्हाताऱ्याने हे एकदा पाहायला हवं होतं. बरोबर नऊ बेचाळीसला त्याने पहिला दगड बसवला, ठोकला, ओळंबा धरला. दोरा जराही हलला नाही. गुरुजींनी मंत्र म्हटले, प्रेमराजने नारळ फोडला, आणि पुनम रडता रडता हसली.

भिकुबाईंनी दगडाला हळदीकुंकू वाहिलं आणि हात लावून पाहिला. "खालनी जमीन अजून गरम शे," त्या म्हणाल्या. "हात कोना शे रे तुना?"

"बापाचा, माय."

"मंग ठीक शे."

जेवणाची वेळ झाली. पुनमने वरण-बट्टी, वांग्याची भाजी असा बेत केला होता. पंगत मांडली, पण बसायला माणूसच मिळेना. बायका होत्या, गुरुजी होते, पण पुरुष मंडळी एकेक करून अभिमनची केळी कशी आली आहे ते बघायला गेली होती. शंभर माणसांना एकाच वेळी केळीची एवढी माया यावी, हे खानदेशातही नवल होतं. पंडितरावही केव्हा निसटले ते कुणाला कळलं नाही.

शेवटी सगळे परतले. खाली माना घालून, पोटावर हात फिरवत. "भूक नाही, अक्का." "सकाळीच नाश्ता झाला." भिकुबाई पंगतीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. रूही त्यांच्या कानाशी लागून काहीतरी पुटपुटली होती, ते त्यांच्या पुरतं लक्षात होतं.

"जेवाना पहिले देवनं नाव लेवानं," त्या म्हणाल्या. "म्हना एकेक जन, मुक्ताबाई!"

पहिला माणूस उभा राहिला. त्याने तोंड उघडायचा प्रयत्न केला. ओठ घट्ट. जोर लावला तेव्हा "चप्!" असा आवाज झाला आणि मग "मुक्ता" बाहेर आली. "बाई" म्हणताना पुन्हा मिटले, पुन्हा "चप्!" दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याने हुशारी करून नुसतं "जय हरी" म्हटलं. त्याला परत पाठवण्यात आलं. पंडितरावांची पाळी आली, तेव्हा ते नुसते मान हलवत राहिले.

"म्हना, जावईबापू!"

"च्च्... चप्! मुक... चप्! ...बाई!"

सगळी पंगत हसत सुटली. बायका पदर तोंडात कोंबून हसल्या, गुरुजी ताटावर ओणवे झाले. भिकुबाईंनी डोळे वटारले, पण खालचा ओठ त्यांच्या ताब्यात राहिना. शेवटी त्याही हसल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, "सारं गाव चिकटनं शे!"

संध्याकाळी रमजान रिकामी देग घेऊन घरी आला. तळाला रश्श्याचा थेंब नव्हता. जैनबने देग पाहिली, मग त्याची नखं पाहिली. नखांत सिमेंट होतं.

"हे काय? दोन्ही?"

"दोन्ही," रमजान म्हणाला आणि अंगणात पाय पसरून बसला.

त्या दिवसापासून त्याचा फोन काही थांबला नाही. शंभर माणसांनी शंभर जणांना सांगितलं होतं. निम्म्यांना पायाची चव आठवत होती आणि निम्म्यांना कोपरा. रूहीने गाडीवर पाटी लावली: 'येथे पाया मिळेल (खायचा)'. तरी उपयोग नव्हता. शेवटी रमजानने सवयच लावून घेतली. फोन उचलला की पहिला प्रश्न, "खायचा की भरायचा?"

संक्रांत आली आणि गेली. थापीचं नाव जैनबने पुन्हा काढलं नाही.

फाल्गुनात एक दिवस भिकुबाईंचा फोन आला. "रमजान, बुधवारले स्लॅब शे. तू ये."

"येतो, माय. स्लॅबचं काम उजैरची टोळी करील, मी उभा राहीन. आणि जेवण वरण-बट्टीच ना?"

भिकुबाईंचा आवाज एकदम खाली आला.

"आमना घर वरन-बट्टीच शे. पन अभिमनना बागमा मी एक चर खनी ठेवेल शे. कसाले, ते माले माहीत नही. मजूर मान्सं शेतस, दिनभर राबतस, त्यास्ले काही लागस का नही?"

रमजानला हसू आवरेना. "म्हणजे माय, खायचा की भरायचा?"

"भरानं काम सकायले," भिकुबाई म्हणाल्या. "खावानं दुपारले. मधमा चारदा हात धोई ले."